आकडा नको, यादी द्या: जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी देणगी मागताना

प्रश्न असा आला आहे. डोंगरातल्या वाडीवरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट 34. बाईंना रुजू होऊन तीन वर्षं झाली. वर्गात वाचनकोपरा करायचा आहे आणि थोडं गणिताचं साहित्य घ्यायचं आहे. त्यांनी काढलेला खर्च: 32 इंची टीव्ही 14 हजार, पुस्तकं 12 हजार, लोखंडी कपाट 8 हजार, गणित साहित्य 6 हजार. एकूण 40 हजार. अमेरिकेतली मावसबहीण म्हणते, तिकडे सरकारी शाळेतले शिक्षक एका संकेतस्थळावर आपल्या वर्गाची गरज टाकतात आणि अनोळखी माणसं पैसे देतात. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर मी माझ्या फोन-पेवर वर्गणी घेतली तर चालेल का? आणि मागायचं कोणाकडे?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घाईत तुम्ही तेच आधी करून बसाल. फोन-पेवर घेऊ नका. एक रुपयासुद्धा नाही.

माझ्या ओळखीचे एक गुरुजी. सरळ माणूस. शाळेला पाण्याची टाकी आणि वर्गाला फळा हवा म्हणून त्यांनी गावच्या व्हॉट्सॲप गटावर आपला नंबर टाकला. 18 हजार 400 जमले. टाकी आली, फळा आला, बिलं वहीत चिकटवली, वर स्वतःचे 900 घातले. वर्षभराने गावातल्या एकाशी वेगळ्याच कारणावरून वाकडं आलं आणि त्याने माहिती अधिकारात अर्ज टाकला: शाळेच्या नावाने जमा झालेली रक्कम कोणत्या खात्यात गेली? आता खातं तर गुरुजींचं, त्यातच पगार, त्यातच गृहकर्जाचा हप्ता. चौकशी आठ महिने चालली. शेवटी काही निघालं नाही. पण त्यानंतर त्या माणसाने शाळेसाठी कोणाकडे खडूसुद्धा मागितला नाही, आणि त्यांना मी दोष देत नाही. आपल्याला जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत, आणि परवानगीशिवाय स्वतःच्या नावावर वर्गणी गोळा करणं त्यात बसत नाही. हेतू चांगला होता हे चौकशी अधिकाऱ्याला सांगायची वेळ येऊच नये.

आता मावसबहिणीच्या संकेतस्थळाकडे. ती म्हणते ते बहुधा डोनर्स-चूझ. 2000 साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात चार्ल्स बेस्ट नावाच्या शिक्षकाने ते सुरू केलं. ते अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांसाठी आहे, आपल्याला तिथे नाव घालता येणार नाही. पण त्याची रीत बघण्यासारखी आहे. शिक्षक तिथे पैसे मागतच नाही, तो यादी टाकतो. अमुक पुस्तकाच्या इतक्या प्रती, अमुक आकाराची सतरंजी, हे कशासाठी, किती मुलांसाठी. पैसे जमले की संस्था स्वतः त्या वस्तू विकत घेते आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवते. शिक्षकाच्या हाताला पैसा लागत नाही. नंतर मुलांची आभाराची पत्रं देणगीदाराकडे जातात. यादी, वस्तू, पत्र. ह्या तीन गोष्टींना इंटरनेट लागत नाही. आपल्या वाडीत हे सगळं देवळाच्या सभामंडपात बसून करता येतं, आणि मी केलं आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात 29 वर्षं शिक्षिकेची नोकरी केली. आमच्याकडची वाडी म्हणजे अर्धं गाव मुंबईला. वाशीच्या मार्केटात माथाडी, नाहीतर कुठे वॉचमन, ड्रायव्हर. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं, आणि चैत्रात यात्रेला ही सगळी मंडळी गावी येतात. देवळाचा कळस, स्वागत कमान, सगळं त्या मंडळाच्या पैशातून होतं. शाळेचा नंबर शेवटी लागतो, कारण शाळा मागतच नाही. किंवा मागते ती अशी: "शाळेच्या विकासासाठी सढळ हाताने मदत करावी."

एका यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बैठक होती. मी सरपंचांना सांगून दहा मिनिटं मागून घेतली. अध्यक्षांनी घाईत विचारलं, "बाई, आकडा सांगा. पाच, दहा, काय असेल ते."

मी म्हटलं, "आकडा नाही, यादी वाचते."

वहीचं पान फाडून नेलं होतं. बसायच्या सतरंज्या दोन, सहा बाय नऊच्या. पाढ्यांच्या मणीमाळा आठ. गोष्टीची पुस्तकं साठ, त्यातली वीस मोठ्या अक्षरांची, पहिलीसाठी. भिंतीवर पुस्तकं अडकवायला दोरी आणि चिमटे. असं वाचत गेले. आधी लोक हसले, दोरी-चिमट्याला तर मोठ्याने हसले. मग मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "सतरंज्या माझ्याकडं. मार्केटातनं आणतो, निम्म्यात पडतील." दुसऱ्याने चिमटे घेतले. चिमट्यांची किंमत 120 रुपये, पण त्याचं नाव इतिवृत्तात आलं आणि पुढल्या वर्षी तोच माणूस पंख्याचं विचारत आला. आकडा सांगितला असता तर अध्यक्षांनी पाच हजार जाहीर केले असते, टाळ्या झाल्या असत्या, आणि ते पाच हजार गोळा करायला मी दिवाळीपर्यंत फोन करत बसले असते. यात्रेत जाहीर झालेल्या रकमेतली किती हातात येते, हे कुठल्याही देवस्थानाच्या खजिनदाराला विचारा.

यादीचा दुसरा फायदा तुम्हाला स्वतःला. यादी करताना विचार करावाच लागतो. "वाचनकोपरा 40 हजार" असं लिहिताना नाही करावा लागत.

कागदोपत्री वाट सांगते, ती एकदा नीट घातली की जन्मभर पुरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तुमच्याकडे शाळा व्यवस्थापन समिती असणारच. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतले, मुख्याध्यापक सदस्य सचिव. द्विशिक्षकी शाळेत प्रभारी मुख्याध्यापक बहुतेक वेळा तुम्ही नाहीतर तुमचे सोबती गुरुजी. मासिक बैठकीत ठराव घ्या: वर्गासाठी अमुक यादीतलं साहित्य लोकसहभागातून घ्यायचं, वस्तुरूपाने स्वीकारायचं, रोख आलीच तर समितीच्या खात्यात. ठराव विषयपत्रिकेवर घेऊन करा, मागाहून इतिवृत्तात कोंबू नका. त्याची प्रत केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या. परवानगीचं पत्र येईल तेव्हा येईल, पोच मात्र त्याच दिवशी हातात पाहिजे.

रोख घ्यावी लागली तर पावती लगेच, क्रमांकाची, समितीच्या शिक्क्याची. पैसे अध्यक्ष आणि सचिवांच्या संयुक्त सहीच्या खात्यात. समग्र शिक्षा ह्या शासनाच्या योजनेचं अनुदान ज्या खात्यात येतं त्यात लोकवर्गणी मिसळू नका. त्या खात्याचे हिशोब वेगळे, तपासणी वेगळी, आणि एकदा मिसळलं की तुम्हालाच वेगळं काढता येत नाही. वस्तू आली की दोन ठिकाणी नोंद: शैक्षणिक उठावाच्या, म्हणजे लोकांकडून मिळालेल्या मदतीच्या रजिस्टरला देणाऱ्याच्या नावासह अंदाजे किंमत, आणि टिकाऊ वस्तू असेल तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत. मुलांच्या हाताळण्यातली पुस्तकं डेडस्टॉकला घालायची की ग्रंथालयाच्या नोंदवहीत, हे आधी ठरवा. मी ग्रंथालयाच्या नोंदवहीत घालते, कारण पुस्तक फाटणारच, आणि फाटलं पाहिजे.

डेडस्टॉकवरून आठवलं. एकदा एका कंपनीने आमच्या केंद्रातल्या शाळेला संगणक दिले. फोटो निघाले, फीत कापली. गाडी गेल्यावर बघतो तर सहा जुने सीपीयू, मॉनिटर दोन, त्यातला एक चालू. कंपनीची अडगळ रिकामी झाली होती, बाकी काही नाही. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी मोठ्या अक्षरात डेडस्टॉकला नोंद केली, कारण साहेब समोर होते. एकदा नोंद झाली की ती वस्तू टाकून देता येत नाही. निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव, मंजुरी, सगळं आलं. ते सीपीयू मी बदली होऊन जाईपर्यंत तिसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात होते. त्यावर मुलं दप्तरं ठेवायची. तेव्हा कोणी काही देतो म्हणाला की आधी विचारा: चालू आहे का, किती जुनं आहे, दुरुस्ती कोण करणार. उत्तर नीट आलं नाही तर हात जोडून नाही म्हणा. सरकारी शाळेला नाही म्हणायचा अधिकार नसतो, असं आपण उगाच धरून चाललोय.

मागायचं कोणाकडे, याचं उत्तर रकमेवर अवलंबून आहे. 15-20 हजारांसाठी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र लिहू नका. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, शिक्षण त्यात येतं, हे खरं. पण त्यांना एका वर्गाचा वाचनकोपरा नको असतो, चाळीस शाळांचा प्रकल्प हवा असतो. त्याचा अहवाल करता येतो. शिवाय 2021 पासून कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या संस्थेला वेगळी नोंदणी लागते, ती तुमच्या समितीकडे नसणार. जवळ एमआयडीसी असेल तर तिथल्या कारखान्याच्या एचआरवाल्यांना भेटून ठेवा, यादीची प्रत देऊन ठेवा, आणि विसरून जा. मार्चअखेर जवळ आली, खर्च पडायचा राहिला की फेब्रुवारीत फोन येतो, "मॅडम, तुमची ती यादी होती ना?" मला दोनदा आला. दत्तक शाळा योजनेचंही तसंच. 18 सप्टेंबर 2023 च्या त्या शासन निर्णयात 5 किंवा 10 वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची तरतूद आहे, रोख नाही, वस्तू आणि सेवा. पण तिथली भाषा लाखा-कोटींची आहे. तुमच्या यादीला ते दार मोठं पडतं.

केंद्र शासनाचं विद्यांजली पोर्टल मात्र बघा. सध्याचं रूप सप्टेंबर 2021 मधलं. शाळेच्या यू-डायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने नोंदणी होते, शाळा आपली गरज टाकते, देणारा वस्तू किंवा सेवा देतो. मावसबहिणीच्या संकेतस्थळाचं आपल्याकडचं त्यातल्या त्यात जवळचं रूप म्हणजे हे. तिथे टाकलं म्हणून आपोआप कोणी धावत येईल ही अपेक्षा ठेवू नका, मला तरी तसा अनुभव नाही. पण ओळखीच्या माणसाला यादी पाठवताना सोबत त्या नोंदीचा दुवा पाठवला की त्याला पटतं, हे बाईंचं खासगी प्रकरण नाही, शाळेचं आहे.

खरे देणारे जवळ असतात. माजी विद्यार्थी, गावची पतसंस्था, निवृत्त होणारा फौजी, तालुक्याच्या गावातला रोटरी क्लब, मुंबईचं मंडळ. आणि एक गोष्ट सांगते, जी शहरातल्या लोकांना पटकन सुचत नाही: वर्षश्राद्ध. आमच्या भागात आता बरेच जण वर्षश्राद्धाच्या जेवणावळीचा खर्च कमी करून शाळेला काही देतात. एका आजीच्या नातवाने 25 पुस्तकं दिली. मी प्रत्येकात आतल्या पानावर लहानशी चिठ्ठी लावली, आजीचं नाव आणि "यांच्या स्मरणार्थ". दुसरीतल्या मुलीने विचारलं, स्मरणार्थ म्हणजे काय? सांगितलं. तर म्हणाली, "म्हंजे ती आमच्या दारातनं शेण न्यायची ती म्हातारी? तिला कुठं वाचता येत होतं!" सगळा वर्ग हसला, मीही. पण ती पुस्तकं कोणी इकडेतिकडे टाकली नाहीत.

पालकांकडून मागू नका, निदान प्रवेशाच्या सुमारास तर अजिबात नाही. प्रवेशाशी जोडून देणगी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने बंदी आहे आणि दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. तुम्ही जूनमध्ये स्वेच्छेने म्हणून घेतलं तरी गावात बोलताना त्याचा अर्थ एकच होतो. पालकांनी श्रम द्यावेत. रंगकाम, सुतारकाम, मातीचा भराव. ते आनंदाने देतात, आणि रजिस्टरला तेही लिहा, मजुरीच्या दराने किंमत काढून. वर्षअखेर तो आकडा बघून समितीचे सदस्यच चकित होतात.

मावसबहीण स्वतः पैसे देते म्हणाली तर आधी विचारा, पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्टवर तिकडे नोकरी करत असेल तर तिच्या स्वतःच्या कमाईतला, बँकेमार्फत आलेला पैसा विदेशी अंशदानात, म्हणजे परक्या देशाच्या देणगीत मोडत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर तोच पैसा, त्याच बहिणीचा, 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याच्या भाषेत विदेशी स्रोताचा होतो. तसा पैसा समितीच्या खात्यात घेऊ नका. त्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेमार्फत काम होऊ शकतं, पण इतक्या लहान यादीसाठी तो खटाटोप कोणी करेल असं वाटत नाही. तिला सांगा, सुट्टीत येशील तेव्हा दोन तास मुलांना गोष्ट वाचून दाखव. खरंच सांगा, मी गंमत करत नाही.

आणि आयकरात सूट मिळेल का, असं हमखास कोणीतरी विचारतो. वस्तू दिली तर देणगीची वजावट मिळत नाही, रोख दिली तर 2 हजारांच्या वर मिळत नाही. समितीची साधी पावती दाखवून सूट मिळेल असं आश्वासन कोणाला देऊ नका. ज्याला सूट महत्त्वाची आहे त्याने नोंदणीकृत संस्थेला द्यावं. आपल्या यादीतल्या 120 रुपयांच्या चिमट्याला हा प्रश्न पडत नाही, हा लहान यादीचा आणखी एक फायदा.

आता टीव्ही. इथे मला माझंच चुकलेलं सांगावं लागेल.

22 जून 2015 ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासन निर्णय आला आणि त्या सुमारास डिजिटल शाळांची लाट आली. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. आम्हीही निघालो. गावाने 62 हजार जमवले, माझ्या सगळ्या नोकरीतली ती सर्वांत मोठी वर्गणी. प्रोजेक्टर, पडदा, इन्व्हर्टर, स्पीकर. उद्घाटनाला आमदार. पहिले चार महिने मुलं डोळे विस्फारून बघत होती. मग पाऊस. पाटणचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, तुमचीही शाळा डोंगरातलीच. भिंतींना ओल, विजेचा लपंडाव, एका कडकडाटात इन्व्हर्टर गेला. दुरुस्ती 7 हजार. वीजबिल आधीच थकलेलं, मीटर काढून नेला. गावात पुन्हा मागायला जायची मला लाज वाटली. प्रोजेक्टर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवला. तीन जून आले आणि गेले, पिशवी सोडली नाही. ज्या माणसाने त्यात 5 हजार घातले होते तो दर यात्रेला विचारायचा, "बाई, मुलं बघत्यात ना त्यावर?" त्याला काय सांगायचं?

तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूपुढे वहीत एक जास्तीचा रकाना आखते: दुसऱ्या वर्षी हिला काय लागेल आणि ते कुठून येईल. टीव्हीपुढे त्या रकान्यात वीज, स्टॅबिलायझर, दुरुस्ती असं येतं. सतरंजीपुढे "धुणे" एवढंच. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानात 30 पर्यंतच्या पटाला 10 हजार, 31 ते 100 पटाला 25 हजार असा दर आहे. तुमचा पट 34, म्हणजे तुम्ही काठावर आहात. चार मुलं ऊसतोडीला किंवा मुंबईला गेली की वरच्या टप्प्यातून खाली. आणि त्या पैशातून किमान 10 टक्के स्वच्छतेवर, शिवाय वीज, खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती. त्यात टीव्ही बसवायला जागा नाही. तुमचा मोबाइल आणि शंभर-दोनशे रुपयांचा मोबाइल स्टँड ह्यावर दहा-बारा मुलांच्या गटाला गोष्ट दाखवता येते. तेवढं पुरे, निदान पहिल्या वर्षी.

कोणीतरी तुम्हाला पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचं उदाहरण देईल, बघा तिथल्या लोकांनी काय उभं केलं म्हणून. बघून जरूर या, मीही गेले होते. पण शिक्रापूर-रांजणगावचा औद्योगिक पट्टा शेजारी असलेलं गाव आणि आपली डोंगरातली वाडी, दोन्हींच्या ताटात सारखं वाढलेलं नाही. तिथलं घेण्यासारखं आहे ते गावाला शाळा आपली वाटणं. काचेच्या वर्गखोल्या नव्हेत. आणि भिंत, छप्पर, स्वच्छतागृह, पाणी ह्यासाठी देणगीदाराकडे जाऊच नका. ते जिल्हा परिषदेचं आणि ग्रामपंचायतीचं काम आहे, त्यांच्याकडे वित्त आयोगाचा निधी येतो, ग्रामसभेत अर्ज द्या, आराखड्यात घालून घ्या, पाठपुरावा करा. लोकांनी छप्पर घालून दिलं की पुढल्या वर्षी कार्यालयातून उत्तर येतं, तुमच्याकडे लोकसहभाग चांगला आहे, आधी दुसऱ्या शाळा बघू.

फोटोचं. वस्तू देताना मुलाला पुढे उभं करून, हातात वही देऊन, मागे बॅनर धरून काढलेला फोटो मला आवडत नाही. मुलगा दिसतो गरीब, देणारा दिसतो मोठा, आणि दुसऱ्या दिवशी तेच मूल शाळेत "तुझा फोटो आला" म्हणून चिडवलं जातं. देणाऱ्याला फोटो हवाच असतो, तोही माणूस आहे. मग वापरात असलेल्या वस्तूचा द्या: सतरंजीवर पालथं पडून वाचणाऱ्या पोरांचे पाय, मणीमाळेवर हात. चेहरा दिसत असेल तर पालकांची लेखी परवानगी. निवडणुकीच्या आसपास कोणी अचानक उदार झाला तर आचारसंहिता संपेपर्यंत थांबायला सांगा. ज्याला खरंच द्यायचं असतं तो थांबतो.

फोटोपेक्षा पत्र बरं. पोस्टकार्ड अजून 50 पैशांनाच मिळतं. मुलांना "आपले आभारी आहोत" असं फळ्यावर लिहून उतरवायला लावू नका, ते पत्र कोणीही दोनदा वाचत नाही. काय केलं ते लिहायला सांगा. आमच्या तिसरीतल्या एकाने सतरंज्या आणि पुस्तकं देणाऱ्या माथाडी काकांना लिहिलं होतं: "काका पुस्तक मिळाले. वाघाचे पान फाटले. मी चिकटवले. आता वाघाला एक पाय नाही." ते कार्ड वाशीच्या मार्केटात गाळ्यागाळ्यातून फिरलं. पुढच्या महिन्यात त्या काकांनी 3 हजारांची पुस्तकं पाठवली, त्यात वाघाचं तेच पुस्तक पुन्हा, आणि वर चिठ्ठी, "पाय असलेला वाघ".

आता तुमची यादी मी माझ्या पद्धतीने पुन्हा लिहिते.

टीव्ही काढला. गणित साहित्याच्या 6 हजारांपुढे थांबा आणि आधी शाळेचं कपाट उघडा. अनेक शाळांत गणित पेटी आणि भाषा पेटी येऊन पडलेली असते, कधीकधी सील न फोडता. तिच्यातलं काय आहे, काय हरवलंय ते बघा आणि तेवढंच मागा. चिंचोके, काड्या, बाटल्यांची झाकणं ह्यांना देणगीदार लागत नाही. खेळणी-प्रयोगांसाठी अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर फुकट आहे. 2 हजारांत भागेल.

पुस्तकं 12 हजारांचीच ठेवा, पण एकदम घेऊ नका. 9 हजारांची आत्ता, 3 हजारांची पुढच्या जूनला. एकदम दोनशे आली की मुलं कव्हरं बघतात, वाचत नाहीत. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची चित्रांची पुस्तकं स्वस्त पडतात आणि पहिली-दुसरीला झेपतात. प्रथमच्याच स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापून घ्यायलाही मुभा आहे. कोणाच्या ऑफिसात रंगीत प्रिंटर असेल तर त्याच्याकडे पैसे मागू नका, वीस गोष्टींचे प्रिंट मागा. घरातली जुनी पुस्तकं देतो म्हणणाऱ्यांना मात्र नम्रपणे टाळा. स्पर्धा परीक्षेची गाइडं आणि 1990 सालचे दिवाळी अंक येतात.

सतरंजी दीड हजार. दोरी, चिमटे, चिकटपट्टी, चिठ्ठ्यांचा कागद 500. चिकटपट्टी विसरू नका, वाघासाठी.

राहिलं कपाट. लोखंडी कपाटाला कुलूप असतं, आणि कुलूप असलं की किल्ली साहेब येतील तेव्हा सापडते. पावसाळ्यात खालून गंजतं ते वेगळंच. त्याऐवजी गावातल्या सुताराकडून फळ्यांचं उघडं मांडण करून घ्या. लाकूड कोणाच्या तरी मळ्यात पडलेलं असतंच, मजुरी आणि पॉलिश धरून 4 हजार. म्हणजे 40 चे 20 हजार झाले. वरची फळी जमिनीपासून अडीच फुटांच्या वर जाऊ देऊ नका. सुतार ऐकणार नाही, माणसाच्या उंचीचं करून देईल. पहिलीतल्या सगळ्यात बुटक्या पोराला शेजारी उभं करा आणि त्याच्या हातावर माप घ्यायला लावा.